शुक्रवारचं बर्गन

मुलगा म्हणाला, "अब्बा, या सुट्टीत नॉर्वेला जाऊ. तुम्ही पण चला. घरात बसून काय करणार?" त्याची आई गेल्यापासून त्याला वाटतं, बापाला कुठेतरी फिरवून आणलं की बाप माणसात येईल. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. डोंगर, पाणी, लाकडाची रंगीत घरं. मी म्हटलं, "हे बर्गन. हे मी बघितलंय."

नातू खाली फरशीवर गाडीशी खेळत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, यू नेव्हर वेंट टू नॉर्वे!"

"गेलोय," मी म्हटलं. "तुझ्या दादीला घेऊन गेलोय."

मुलाने सुनेकडे बघितलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं चळलं. वाटू दे. मी खोटं बोललो नाही.

आम्हाला बर्गन दाखवलं ते एका चाचाने. साठ सालानंतरची गोष्ट. तेव्हा दुबई म्हणजे खाडी, खाडीच्या दोन्ही अंगाला वस्ती, आणि मागे वाळू. पाणी गाढवावरून डब्यातून यायचं. आम्ही कोकणातली पोरं बोटीने येऊन उतरायचो आणि खाडीच्या एका अंगाला, देऱ्यात, चाचाच्या घरी खाट घ्यायचो. घर एका अरबाचं. चाचाने ते भाड्याने घेऊन आत खाटा मांडलेल्या. खाली अंगण, अंगणाभोवती खोल्या, वर गच्ची. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर.

चाचा आमच्याच बाजूचा, बाणकोटकडचा. सगळी उमर जहाजावर गेलेली. आगवाला होता, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. हातावर, छातीवर भाजल्याचे डाग. जगभर फिरला, पण जहाज बंदराला लागलं तरी आगवाला खालीच, आगीपाशी. त्यामुळे जग फिरूनही त्याने काही बघितलं नव्हतं. बघितला तो एक दिवस. बर्गनचा. तेवढ्यावर त्याचं सगळं चाललं होतं.

सरळ सांगतो, माणूस डोक्याने थोडा हललेला होता. दुबईच्या उन्हाळ्यात खाटेची सुंभाची दोरी पण चटके देते, त्यात हा लोकरीची टोपी घालून बसायचा. काळ्या छत्रीशिवाय घराबाहेर पडायचा नाही. उन्हासाठी म्हणाल तर नाही. उन्हात छत्री बंद, काखेत. ती उघडायची फक्त बर्गनमध्ये पाऊस आला की.

आणि कुणी त्याच्या हातात काही दिलं, भाडं द्या, पाणी द्या, विडी द्या, की तो म्हणायचा, "ताक." जास्त खूश असला तर, "मांगे ताक." महाडकडचा एक नवा गडी आला होता. त्याने पहिलं भाडं हातात ठेवलं आणि चाचा म्हणाला, "मांगे ताक." तो बिचारा ताक शोधत बाजारभर फिरला. दुपारी घामाघूम होऊन आला आणि म्हणाला, "चाचा, माफ करा, सगळीकडे दूध आहे, ताक नाही." आम्ही हसून हसून लोळलो. चाचा हसला नाही. त्याने त्या गड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मलाही नाही मिळालं रे."

हे ताकाचं प्रकरण असं. तिकडे कुणाला काही दिलं की तो माणूस 'ताक' म्हणतो. उपकार मानायची त्यांची ती रीत. चाचाला त्या दिवशी हे कुठून माहीत असणार? त्याला वाटलं, अख्खं गाव ताक मागतंय.

शुक्रवारी दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की चाचा गच्चीवर यायचा आणि टाळी वाजवायचा. "चला, उठा. बर्गनला कोण कोण येतंय?"

आमच्यात एक मलबारी दर्जी होता. तो खाटेवर पडल्या पडल्या विचारायचा, "चाचा, आज उधर बारिश है क्या?"

चाचा आकाशाकडे बघायचा. आकाश पितळेच्या परातीसारखं. "है," म्हणायचा. "थोडा थोडा है."

"तो फिर यल्ला, चलो."

फेरीचे कायदे होते. चपला घालायच्या, कारण तिथे दगडांची वाट ओली असते. बडबड करायची नाही. आणि पुढे पळायचं नाही. मध्येच कुणी म्हटलं, "चाचा, ती कोळंबी कधी येणार?" की चाचा तिथेच फेरी थांबवायचा, सगळ्यांना धक्क्यावर परत न्यायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

फेरी अशी सुरू व्हायची. चाचाच्या जहाजाचा बॉयलर बिघडलेला होता. जहाज धक्क्यापासून लांब नांगर टाकून उभं. साहेब म्हणाला, आगवाल्यांना आज सुट्टी, संध्याकाळच्या होडीने परत या. बाकीचे झोपले. चाचा एकटा उतरला. खिशात थोडी चिल्लर. तेवढ्यात सगळं बघायचं होतं.

आम्ही गच्चीच्या कठड्याशी उभे राहायचो. चाचा छत्रीच्या टोकाने दाखवायचा. "इकडे बघा. लाकडाची घरं. खांद्याला खांदा लावून उभी. म्हातारी झालीत, वाकलीत, पण पडत नाहीत. पडायला मध्ये जागाच नाही." समोर खाडीपलीकडे मातीच्या रंगाची घरं असायची. धग वर येत असायची आणि त्या धगीत घरं हलायची. थोडा वेळ नजर लावली की ती लाकडाची व्हायची. लाल, पिवळी. माझ्या डोळ्यांनी बघितलीत. खाडीतून डांबराचा आणि सुक्या मासळीचा वास यायचा. चाचा म्हणायचा, तिथेही हाच वास, डोळे मिटले तर माणूस कुठे उभा आहे ते सांगता यायचं नाही.

मग मासळीबाजार. तिथे चाचाने एका माशाचा कल्ला उघडून बघितला. विकणारी गोरी बाई त्याच्याकडे बघून हसली. मासा बघायची रीत सगळीकडे एकच. मासा घ्यायची त्याची ऐपत नव्हती. त्याने कागदात उकडलेली कोळंबी घेतली आणि नाणं दिलं. बाई म्हणाली, "ताक." चाचा म्हणाला, "बाई, माझ्याकडे कुठलं ताक? तुझ्याकडे असेल तर दे. ताक, ताक." बाई खूश. तिने अजून एक मूठ कोळंबी टाकली. चाचाने हाताने पेला दाखवून परत सांगितलं, "ताक!" तिने परत मूठ टाकली. ताक काही आलं नाही, कोळंबी येत राहिली.

ती कोळंबी खात तो डोंगर चढला. डोंगरावर दोरीने ओढलेली गाडी जाते, पण तिला पैसे पडतात. हा पायी गेला. आमचा डोंगर म्हणजे जिन्याच्या खोलीचं डोकं. शिडी लावून एकेक जण वर चढायचो. वर वारा लागायचा. आणि तिथे बरोबर पाऊस यायचा. चाचा छत्री उघडायचा, आणि मावतील तितकी डोकी आम्ही त्या छत्रीखाली घुसवायचो. कोरडं ठणठणीत आभाळ आणि आम्ही दाटीवाटीने उभे. दर्जी सुद्धा गप्प असायचा. एकदा माझ्या मानेवर थेंब पडला. दर्ज्याचा घाम असेल. मी पुसला नाही.

चाचा हळू आवाजात म्हणायचा, "नीट बघून घ्या. परत कोण आणतंय इथे."

वरून त्याने गाव बघितलं, पाणी बघितलं, पाण्यावरून जाणारी एक लहान होडी बघितली. "इतकी छान जात होती," चाचा म्हणायचा, "की मी बघतच राहिलो. मागे पाण्यावर पांढरी रेघ. नंतर ध्यानात आलं, ती माझीच होडी."

झालं. जहाजावर जायची सोय गेली. आता राहायचं कुठे? हा एका गल्लीतल्या घराचं दार ठोठावतो. म्हातारी बाई दार उघडते. हा तळहातावर गाल ठेवून दाखवतो, झोपायला जागा मिळेल का? बाई त्याला वरपासून खालपर्यंत बघते, आणि आत घेते. वर छपराखाली उतरत्या लाकडाची खोली. चाचाचं डोकं आपटलं. डोकं आपटलं की आम्ही सगळ्यांनी डोकं चोळायचं, हा पण कायदा.

खाली बाईने कॉफीची किटली ठेवली. चाचाला वाटलं, आपण पाहुणे असलो तरी लहान, वाढायचं आपण. त्याने तिच्या कपात ओतायला घेतलं. बाई म्हणाली, "टाक." चाचाने टाकली. बाई म्हणाली, "टाक, टाक!" चाचाने अजून टाकली. कप भरला. बशी भरली. बाई ओरडतेय, "टाक, टाक, टाक!" आणि हा टाकतोय. टेबलावरून कॉफी बाईच्या मांडीवर आली, तेव्हा ती पोट धरून हसायला लागली. ती बस्स म्हणत होती. चाचा म्हणायचा, "बाजारात ताक होतं, घरात टाक झालं. मी अडाणी माणूस, मला काय ठाऊक."

शेवटी खिडकी. चाचाने हातपाय धुऊन वुजू केला आणि खिडकीशी बसला. सूर्य बुडाला की मगरीब पढायची. सूर्य बुडेना. डोंगराच्या कडेने चालत राहिला, माणूस कठड्याला हात लावत चालतो तसा. गाव झोपलं, सूर्य जागा. बाई येऊन बघून गेली. परत आली. तिला वाटलं असेल, हा कुणाची तरी वाट बघतोय. तिने त्याच्या खांद्यावर लोकरीची शाल टाकली, डोक्यावर टोपी घातली, आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. दोघं उजेडाकडे बघत बसले.

इथे फेरी थांबायची. गच्चीवरून खाडी गुलाबी झालेली दिसायची. मग देऱ्यातली मगरीबची अजान व्हायची आणि चाचा दचकायचा. कुणीतरी हलवून उठवल्यासारखा.

"आणि सकाळी काय झालं चाचा?" कुणी विचारलं तर म्हणायचा, "सकाळ कशाला पाहिजे? इथेच थांबायचं."

गच्चीवरचे सगळे त्याला खरं मानत होते असं नाही. दर्ज्याने एकदा खाडीवरून एक पिवळ्या केसांचा खलाशी धरून आणला. तिकडचाच होता, बर्गनच्या बाजूचा. म्हणाला, चाचा, ये तुम्हारा गाववाला, अब बात करो. चाचा उभा राहिला, टोपी सरळ केली. त्याला भाषा कुठे येत होती? त्याने छत्री उघडली, डोक्यावर धरली, आणि बोट आभाळाकडे करून म्हणाला, "बर्गन?" खलाशी बघत राहिला. मग मोठ्याने हसला आणि मान हलवत राहिला. हो, हो, हो. पडतो, पडतो, अजून पडतो. चाचाने एवढंच विचारलं. आठवडाभर तो खुशीत होता. आम्हाला सांगायचा, "तिकडे सगळं ठीक आहे."

आता आमच्या हिचं.

लग्नानंतर काही वर्षांनी मी गावी काही महिने राहून हिला घेऊन आलो. तेव्हा बायको आणायची पद्धत नव्हती. मी एका इराण्याच्या गोदामात पोती उचलायचो, माझ्याकडे काय होतं? चाचाने अंगणातली मागची खोली दिली आणि दाराला चटई टांगून दिली. ही आली ती पोटुशी होती. मुलगी झाली. आवाज न करता जन्मली. वाळूत पुरून आलो.

त्या दिवसापासून ही बोलायची थांबली. रडली असती तर मला काही सुचलं असतं. रडली पण नाही. भाकरी करायची, माझ्यापुढे ठेवायची, आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. पाणी देऊ का विचारलं तर उत्तर नाही. डोकं दुखतंय का, उत्तर नाही. हिचा आवाज कसा होता ते मी विसरायला लागलो होतो.

तेवढ्यात गावचा एक माणूस बोटीवरून उतरला, माझ्या आईचा निरोप घेऊन. अंगणातच उभा राहून म्हणाला, "तुझ्या आईने सांगितलंय, तिला पाठवून दे. तिच्या बापाकडे पोचती करते म्हणाली. तुझ्यासाठी दुसरी बघितलीय." ही चटईमागे होती. सगळं ऐकलं. हूं नाही की चूं नाही. महिन्याने बोट होती. तिच्यात हिची जागा ठरली.

मला ही हवी होती. पण तसं म्हणायचं कसं, ते आमच्यात कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि आईचा शब्द म्हणजे शब्द.

चाचाला हे कळलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "तिने बर्गन बघितलंय का?"

माझं डोकं फिरलं. "चाचा, इथे माझा संसार मोडतोय आणि तुम्हाला बर्गन सुचतंय?"

"ते मोडणं-बिडणं नंतर बघू. बघितलंय का सांग."

"कुठून बघणार ती?"

"मग शुक्रवारी," चाचा म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी त्याने गच्चीवरच्यांना सांगितलं, आज फेरी खाली आहे, तुम्ही झोपा. अंगणात आमच्या दारापाशी त्याने मोढा मांडला आणि चटईकडे पाठ करून बसला. बाईमाणसाकडे बघायचं नाही म्हणून. मी उंबऱ्याशी. चाचा समोरच्या भिंतीला म्हणाला, "पोरी, चपला घाल. वाट ओली आहे."

आणि सुरू झाला. धक्का, घरं, बाजार, डोंगर, खिडकी. आतून काही नाही. अजान झाली, चाचा उठला. मी म्हटलं, "चाचा, राहू दे. ती ऐकत नाही."

"बर्गनला पहिल्यांदा गेलं की कुणी बोलत नाही," चाचा म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी तो परत बसला. "पोरी, चपला घाल." चटई जमिनीपर्यंत पोचत नव्हती, खाली फट होती. मी त्या फटीकडे बघत होतो. आत बांगडी वाजली. काहीतरी सरकलं. आणि फटीतून हिचे पाय दिसले. पायात चपला होत्या.

मी चाचाकडे बघितलं. त्याची पाठ होती, त्याला दिसणार नव्हतं. फेरी संपेपर्यंत ते पाय हलले नाहीत. फक्त डोंगर आला तेव्हा टाचा थोड्या उचलल्या.

हिला दाखवलेलं बर्गन आमच्या गच्चीवरल्या बर्गनसारखं नव्हतं. आम्हाला तो बंदर आणि डोंगर दाखवायचा. हिला त्याने त्या बाईचं स्वयंपाकघर दाखवलं. चूल कुठल्या अंगाला, भांडी कुठे टांगलेली, खिडकीच्या पडद्याला कसली वीण, माशाचं डोकं ती टाकायची की शिजवायची. आम्ही इतकी वर्षं ऐकतोय, आम्हाला कधी माशाचं डोकं सांगितलं नाही. कॉफीच्या टेबलाशी आला तेव्हा चाचा उठून उभा राहिला, हातात किटली धरल्यासारखी धरली आणि बाईच्या आवाजात ओरडला, "टाक! टाक! टाक!"

आतून आवाज आला. मला वाटलं, शिंकली. परत आला. ही हसत होती. तोंडावर पदर दाबून हसत होती, पण थांबत नव्हतं.

मग थोड्या वेळाने, घोगरा, गंजलेला, "चाचा, मग ताक मिळालं का शेवटी?"

चाचा वळला नाही. भिंतीलाच म्हणाला, "नाही गं पोरी. अख्ख्या बर्गनमध्ये मिळालं नाही."

दुसऱ्या दिवशी हिने वाळवंटातून येणाऱ्या बदू बायकांकडून दही घेतलं, घुसळलं, मीठ-मिरची लावली आणि पेला चटईखालून बाहेर सरकवला. चाचा उभ्याउभ्या प्याला. मिशा पुसून म्हणाला, "मांगे ताक." हिने अजून एक पेला सरकवला. त्याने तोही रिचवला. काय करणार, नाही म्हणायला त्याच्याकडे शब्द कुठे होता?

पण माझ्याशी ही अजून बोलत नव्हती. चाचाशी बोलायची, भिंतीशी बोलायची, मला भाकरी. आणि बोटीचा दिवस जवळ येत होता. ट्रंक भरून दारात उभी.

शेवटच्या शुक्रवारी हिने आपणहून विचारलं, "त्या बाईच्या घरात अजून काय होतं?"

चाचाने टोपी काढून हातात घेतली. "पाळणा होता एक. लाकडाचा. चुलीशेजारी. त्यात लोकरीचे गुंडे ठेवलेले. त्यातलीच ही टोपी."

"आणि पोर?"

"पोर नव्हतं."

"मोठं झालं होतं की..."

"ते विचारायला माझ्याकडे शब्द नव्हता पोरी. विणताना बाईचा हात सारखा त्या पाळण्यात जायचा. लोकर काढायला. एवढं बघितलं."

ही रडायला लागली. सगळं दाबून ठेवलेलं, इतक्या दिवसांचं. वरून गच्चीवरच्यांनी सुद्धा ऐकलं असेल. दर्ज्याचं मशीन थांबलं. चाचा तसाच बसून राहिला. मला आत जायचं होतं, पण त्याने हात आडवा धरला.

रडणं ओसरल्यावर हिनेच विचारलं, "सकाळी काय झालं?"

मी मनात म्हटलं, आता हा म्हणणार, सकाळ कशाला पाहिजे. पण चाचा म्हणाला, "सकाळी मी निघालो. बाई दारात आली. काहीतरी म्हणाली. लांबलचक. मला एक अक्षर कळलं नाही. मी ताक म्हटलं आणि चालू पडलो. होडीत बसल्यावर ध्यानात आलं, ती काहीतरी विचारत होती. विचारल्यासारखा सूर होता. आता काय विचारत होती, अल्ला जाणे." त्याने छत्री जमिनीवर टेकली. "कळलं नाही तर माणसाने थांबावं. दुसऱ्यांदा विचारावं. नुसतं निघून येऊ नये."

नंतर अंगणाच्या दारात मी त्याला गाठलं. "चाचा, पाळणा खरा होता की हिच्यासाठी ठेवलात?"

"तू बर्गनला गेलायस?"

"नाही."

"मग गप बस."

बोट मोठी, ती बाहेर समुद्रात उभी राहायची. माणसं खाडीच्या धक्क्यावरून लाँचने तिच्यापर्यंत जायची. त्या सकाळी मी ट्रंक डोक्यावरून आणून धक्क्यावर ठेवली. ही मागून आली, बुरख्यात. चाचा पण आला आणि आमच्याकडे पाठ करून लांब उभा राहिला, होड्या बघत. लाँचवाला ओरडत होता, "यल्ला, यल्ला, बायका पुढे." गावचा तो माणूस आधीच लाँचमध्ये जाऊन बसला होता, हिला पोचवायला.

मी ट्रंक उचलायला वाकलो. ही ट्रंकेवर बसली.

"ऊठ," मी म्हटलं. "लाँच जाईल."

"मला एक कळलं नाही," ही म्हणाली. इतक्या महिन्यांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "म्हणून विचारते. तुमच्या आईने काय सांगितलं ते मी ऐकलं. तुम्ही काय सांगितलं?"

"मी काही नाही सांगितलं."

"तेच विचारते. तुम्हाला मी नको आहे?"

लाँचवाला "यल्ला" म्हणत दोर सोडत होता. गावचा माणूस हात करत होता. मी म्हटलं, "पाहिजेस."

"काय?"

"पाहिजेस म्हटलं ना. किती वेळा सांगू?"

"एकदा तरी सांगायचं होतं," ही म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, कान बंद करून नाही. मुलगी तुमची पण होती. एकदा येऊन शेजारी बसला असता तर काय हात झडले असते?"

लाँच सुटली. गावचा माणूस उभा राहून काहीतरी ओरडत होता, पण इंजिनच्या आवाजात ते आम्हाला ऐकू आलं नाही. चाचा वळला, ट्रंक जागेवर बघितली, आणि आमच्यासाठी न थांबता घराकडे चालू पडला.

ही उठली. ट्रंकेची एक कडी धरली. "धरा त्या बाजूने. डोक्यावर नका घेऊ, मान मोडेल."

आम्ही दोघांनी ट्रंक उचलली. मी उंच, ही ठेंगणी, सगळं वजन हिच्या बाजूला जात होतं. "वाकून चाला जरा," ही म्हणाली. मी वाकून चालायला लागलो. मग हिचं तोंड जे सुरू झालं ते बंदच होईना. पिठात किडे होतात ते मला दिसत नाहीत का. खोलीत खिडकी नाही, माणूस आत कसा राहील. पाण्याचा डबा झाकून का ठेवत नाही. तुमच्या आईला काय सांगायचं ते मी सांगते. मुलीची जागा मला दाखवली पण नाही, उद्या मला तिथे घेऊन चला.

"नेतो," मी म्हटलं.

घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. मी मुद्दाम लांबच्या वाटेने वळलो.